दुसऱ्याच्या नावाचे कडवे

एका वृद्ध बाईची स्मरणशक्ती ठणठणीत असताना तिला विसर पडू लागला आहे, असे मी चारचौघांत ठरवून दिले. ते करताना मी आवाज चढवला नाही की वाद घातला नाही. उलट तिच्यासाठी पाणी मागवले. माझे बोलणे पहिल्यापासून हळू आहे, आणि हळू बोलणारा माणूस खोटे बोलणार नाही असे लोक धरून चालतात. हे मला त्या दिवशी चांगले ठाऊक होते आणि मी त्याचा उपयोग केला. पुढे कित्येक वर्षे ही गोष्ट मी पत्नीलाही सांगितली नाही. आता पन्नाशी ओलांडल्यावर लिहायला बसलो आहे, तर पश्चात्तापाच्याही आधी घशाशी येते ती शिसारी, माझीच मला आलेली. त्या शिसारीसाठी एखादा सोज्वळ शब्द शोधावा असा मोह होतो. तो आवरून जे घडले ते क्रमाने लिहितो.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ती पहिली वर्षे होती. मी अंबरनाथ पश्चिमेला राहत होतो आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगांच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळत होतो. कामावरून सुटलो की उल्हासनगरला एका निवृत्त संगीतशिक्षकांच्या वर्गाला जात असे. वर्ग भरे तो एका सिंधी व्यापाऱ्याच्या कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर. मागच्या नाल्यातून जीन्स धुतलेले निळे-काळे पाणी वाहत असे. खिडकी उघडली की तो दर्प थेट पेटीच्या भात्यात शिरतो आणि सुरांबरोबर बाहेर येतो, असे सर म्हणत.

सरांची शिकवण्याची रीत निराळी होती. राग आणि ताल यांची बैठक पक्की झाली की ते प्रत्येकाला एखादी जुनी शैली नेमून देत. कुणाला माईक येण्यापूर्वीचे नाट्यपद, कुणाला कीर्तनातले आख्यान, कुणाला फडावरची लावणी. त्या शैलीतली मिळतील तेवढी गाणी ऐकायची आणि मग ती उसवायची. शब्द कुठे तोडला आहे, कुठल्या अक्षरावर जोर दिला आहे, गाणारा दम कुठे घेतो, ढोलकी कुठे हात आखडता घेते, हे सगळे पाहायचे. आणि उसवून झाले की त्याच धाटणीत आपले एक नवे गाणे बांधायचे. "ज्याला तसं बांधता येत नाही त्याला ते कळलेलंच नाही," असे सर म्हणत. आमच्यापैकी निम्मे लोक तिथेच गळत.

उल्हासनगरच्या मालाची तेव्हा साऱ्या मुलखात थट्टा होई. तिथे घेतलेले घड्याळ म्हणजे नकली, तिथला परदेशी साबण म्हणजे मागच्या गल्लीतला. खालचे शेठ माळ्यावर चहा पाठवताना हटकून विचारत, "साईं, आज कौनसी कंपनी का गाना बना रहे हो? लेबल चाहिए तो हमसे ले जाओ!"

"शेठ, आमच्याकडे लेबल स्वतःचंच लावायचं असतं. तेवढ्यापुरतं तुमचं-आमचं जमत नाही," असे सर वरून उत्तर देत.

हे केवळ थट्टेचे उत्तर नव्हते. तो वर्गाचा नियम होता. जुने शाहीर, कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. नक्कल कितीही हुबेहूब साधली तरी त्या जागी विद्यार्थ्याने स्वतःचे नाव घालायचे, मग ते वृत्तात बसो वा न बसो. वर्गातल्या एका मुलीचे आडनाव इतके लांब होते की तिच्या प्रत्येक गाण्याचा शेवट ठेक्याबाहेर जाऊन पडे आणि सगळे हसत. सर मात्र तिला ते आडनाव गाळू देत नसत.

मला शैली नेमायची वेळ आली तेव्हा मी आपल्याच वस्तीतल्या एका शाहिरांचे नाव सांगितले. मी बौद्ध कुटुंबातला. लहानपणी जयंतीच्या मांडवात आईच्या मांडीवर पेंगत ज्यांची गाणी ऐकली, ते हे शाहीर. अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात त्यांनी नोकरी केली आणि उरलेल्या वेळात गायन पार्टी चालवली. आदल्याच वर्षी ते वारले होते. त्यांचे एकही गाणे छापलेले नव्हते. मागे उरली होती ती एकच कॅसेट. म्हातारपणी, पार्टी मोडल्यानंतर, कुणा चाहत्याने त्यांच्या घरी बसून ती भरली होती. तिच्या प्रतींच्या प्रती वस्तीत फिरत होत्या.

मी ती कॅसेट अक्षरशः झिजवली. शाहीर मुखड्याचा पहिला शब्द ढोलकीच्या आधी उचलत आणि ठेक्याला आपल्या मागे यायला लावत. ओळीच्या शेवटी आवाज खाली टाकत. उपदेश करताना मोठे शब्द टाळून भोंगा, पाळी, गेटपास, स्टोव्ह असे शब्द घेत. आणि सगळ्यांत विलक्षण म्हणजे, शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव येण्याआधी ते थांबत. पेटी वाजत राही, ढोलकी चालू राही, आणि ते गप्प. मग किंचित दबक्या आवाजात नाव येई. प्रत्येक गाण्यात हेच. मी भारावून गेलो. त्या थांबण्याला मी 'विनयाची जागा' असे नाव दिले आणि वर्गात त्यावर बराच वेळ बोललो. सरांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "दुसरी कुठली ध्वनिफीत आहे का? एका बैठकीवरून माणसाची रीत ठरवू नये." दुसरी नव्हती. मी तो प्रश्न तिथेच सोडून दिला.

मग मी गाणे बांधले.

भोंगा झाला, पाळी सुटली, हाती आली पाटी,
बाप गिरवी बाराखडी लेकीच्यासाठी.

पुढे तीन कडवी. शेवटच्या कडव्यात माझे नाव कसेही बसवले तरी भसकन बाहेर येत होते. शाहिरांचे नाव मात्र त्या जागी असे चपखल बसले की मला मोह आवरला नाही. मी तेच घातले, नावाआधीच्या त्या थांबण्यासकट. सरांनी गाणे ऐकले आणि त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "यात तू कुठंच सापडत नाहीस. हे घेऊन वर्गाबाहेर जाऊ नकोस." मला ती स्तुती वाटली. किती तरी दिवस मी ते वाक्य स्तुती म्हणूनच आठवत असे. हे आज लिहितानाही अंगावर पाल पडल्यासारखे होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत सर मुलीकडे परगावी राहायला गेले आणि वर्ग बंद झाला.

बदलापूर पूर्वेला, शिरगावात, शाहिरांचा मुलगा राहत होता. त्याच्याच पुढाकाराने तिथल्या विहारात एक समिती जमली. जयंतीला शाहिरांच्या गाण्यांची पुस्तिका काढायची असे ठरले. कॅसेटवरची गाणी थोडीच होती. बाकीची गाणी शाहिरांच्या पत्नीला पाठ होती. तिला आम्ही सगळे काकी म्हणत असू. काकी सांगत आणि समितीतले कुणीतरी उतरवून घेई. चाली जुळवून पाहण्यासाठी मला बोलावले होते.

पहिल्याच बैठकीला काकी आल्या नव्हत्या. समितीच्या अध्यक्षांनी मला विचारले, "तुमच्याकडं आहे का काही त्यांचं? कुणाकडं नसलेलं?"

मी माझे गाणे गायलो. आधी गाऊन दाखवावे, मग हे आपले आहे असे सांगून सगळ्यांना चकित करावे, असा माझा बेत होता, असे मी पुढे अनेक वर्षे स्वतःला सांगत आलो. तो खरा असेलही. पण शेवटच्या कडव्यात मी थांबलो, मग शाहिरांचे नाव घेतले, आणि समोरच्या एका म्हाताऱ्या कामगाराने उपरण्याने डोळे टिपले. "अरे, हेच! हेच गायचे ते आमच्या गेटवर!" तो म्हणाला. ते गाणे त्याने जन्मात ऐकलेले नव्हते.

"कुठं मिळालं हे?" शाहिरांच्या मुलाने विचारले.

"एका जुन्या कॅसेटवर," मी म्हणालो. "खराब झालीय ती. आता वाजत नाही."

इतक्या सहजपणे. वर चहा घेतला आणि दोन बिस्किटे खाल्ली.

पुढच्या बैठकीला काकी आल्या. मुलाने मोठ्या हौसेने मला पुन्हा गायला लावले. काकींनी पदर कानामागे सारून नीट ऐकले. गाणे संपल्यावर त्या म्हणाल्या, "बरंय गाणं. पण ह्यांचं नाय हे."

मुलगा हसला. "आई, नाव आहे त्यांचं शेवटी."

"आसंल. मी गायलेलं नाय."

"तू कुठं गायचीस? तू मागं बसून टाळ वाजवायचीस."

कुणीतरी म्हणाले, "काकी, टाळाच्या आवाजात ऐकू आलं नसंल!" आणि सगळे हसले. तो म्हातारा कामगार तर शपथेवर सांगू लागला की त्याने हे गाणे स्वतः ऐकले आहे. काकींनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यांच्या नजरेत राग नव्हता. त्या माझ्याकडून एका शब्दाची अपेक्षा करत होत्या, कारण खोलीत मी एकटाच शिकलेला गाणारा होतो.

मी म्हणालो, "काकी, वयोमानानं होतं असं. माझ्या आईचंही झालं होतं. तुम्ही त्रास करून घेऊ नका." आणि त्यांच्यासाठी पाणी मागवले.

माझ्या आईचे असे काहीही झाले नव्हते. ती शेवटपर्यंत सगळ्यांचे वाढदिवस तोंडपाठ सांगत असे. एक खोटे टिकवण्यासाठी मी माझ्या मेलेल्या आईलाही विसराळू केले.

काकींनी पाणी घेतले नाही. आणि मग अध्यक्षांनी जे म्हटले ते अगदी रास्त होते, त्यामुळेच अधिक भयंकर होते: "काकींना शाहिरांचं खरं गाणं ओळखू आलं नाही, तर बाकीची त्यांचीच आहेत कशावरून? छापून चूक नको." काकींच्या तोंडून उतरवून घेतलेली सगळी गाणी गाळली गेली. पुस्तिका निघाली तेव्हा तिच्यात कॅसेटवरची गाणी होती, आणि सगळ्यांच्या आधी, पहिल्या पानावर, माझे.

ते गाणे फोफावले. जयंतीला बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत मांडवामांडवात ते वाजू लागले. अंबरनाथला एका गायनस्पर्धेत मला परीक्षक म्हणून बसवले, आणि गाणाऱ्यांनी नावाआधी पुरेसे थांबावे यासाठी मी गुण ठेवले. लोक मला मास्तर म्हणू लागले, पोरे गाणे शिकायला येऊ लागली. शाल-श्रीफळ मिळे. घरी आणून त्या शाली मी कपाटात कोंबत असे. एकदा त्यांना कसर लागली आणि कपाट उघडताच असा वास आला की मी बाहेर जाऊन ओकलो. पत्नीला वाटले, बाहेरचे काही खाण्यात आले असेल.

दशक सरत आले तेव्हा अंबरनाथ पश्चिमेच्या एका सभागृहात शाहिरांच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठरला. त्यांच्या गायकीवर मला सप्रयोग बोलायचे होते. चार घरगुती आठवणी मिळाव्यात म्हणून मी काकींना भेटायला गेलो. त्यांच्या मुलाने बदलापूरच्याच सोनिवलीला नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. तो कामावर गेला होता. काकी गॅलरीत बसून लसूण सोलत होत्या. शेजारीण दार उघडून देऊन निघून गेली.

"जय भीम, काकी."

"जय भीम. या मास्तर. चहा मिळायचा नाय. गॅस लावायची बंदी हाय मला."

"का?"

"विसरते ना मी," त्या म्हणाल्या आणि लसणाची पाकळी ताटात टाकली. "डॉक्टरकडं नेलं होतं. गोळ्या चालू हायेत. पेन्शन पोरगा आणतो. किल्ली सून ठेवते. मी आपली लसूण सोलते. लसूण सोलायला डोकं लागत नाय."

मला तिथून उठून जावेसे वाटले. त्याऐवजी, जी सवय पडून गेली होती त्या सवयीने, मी कार्यक्रमाबद्दल बोलू लागलो. शाहीर स्वतःच्या नावाआधी कसे थांबत, त्यात केवढा विनय होता, हे मी त्यांच्याच पत्नीला समजावून सांगितले.

काकींचे हात थांबले. मग त्या हसू लागल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवून हसल्या.

"विनय! अरे येड्या, नाव हे कधी घेतच नव्हते. आपलं नाव आपल्याच तोंडानं काय घ्यायचं, म्हणायचे. शेवटचं कडवं आलं की हे गप, आन् नाव आम्ही मागच्या बाया उचलायचो. पहिली मी. घरात ह्यांचं नाव मी कधी घेतलं नाय, आजबी घेत नाय. पर तिथं, भर मांडवात, माईकवर, मी घ्यायचे. हे खाली बघून हसायचे. पोराला नुसते टाळच आठवतात."

"पण कॅसेटवर तर..."

"कॅसेट भरायला आला होता तो म्हणाला, काकी, तुम्ही आत बसा, भांड्यांचा आवाज येतो. बसले आत. हे नावापाशी आले आन् थांबले. मी उचलीन म्हणून. मी दारापर्यंत आले, तर तो तोंडावर बोट ठेवून उभा. मग ह्यांनी घेतलं आपलं कसंतरी. पुढच्या गाण्याला परत थांबले. दर गाण्याला थांबले. सवय होती ना. वाटत आसंल, आता तरी येईल ही."

खालून कुणीतरी मुलांना जेवायला हाका मारत होते. मी ताटातल्या लसणाकडे पाहत राहिलो. एक म्हातारा माणूस आपल्या बायकोच्या आवाजाची वाट पाहत थांबत होता. ते थांबणे मी मोजले होते, त्याला नाव दिले होते, पोरांना शिकवले होते, त्यावर गुण दिले होते. आणि जिची वाट तो पाहत होता, तिने "मी गायलेलं नाय" म्हटले तेव्हा मी तिला पाणी पाजायला निघालो होतो. स्वतःच्या हातांकडे बघवेना.

"काकी," मी म्हणालो, "ते पाटीचं गाणं त्यांचं नाही. मी बांधलंय. कॅसेट वगैरे काही नव्हती."

त्यांनी वर पाहिलेही नाही. "मला काय सांगतोस? मला तवाच ठाऊक होतं."

"मग परत बोलला का नाहीत?"

"बोलले. घरी दोनदा बोलले. म्हणून तर डॉक्टरकडं नेलं."

मी त्यांच्या पायाशी वाकू लागलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"हे नको. गॅलरीत माफी मागून जाशील आन् मी हितंच येडी राहीन. ज्यांच्या म्होरं मला येडी केलंस, त्यांच्या म्होरं सांग. माझा पोरगा पुढच्या खुर्चीत पायजे. आन् ते अध्यक्ष बी."

"सांगेन."

"बघू," काकी म्हणाल्या. "आता जा. ही सालं जाताना डब्यात टाक."

कार्यक्रमापर्यंतचे दिवस मी पळवाटा शोधण्यात घालवले, हेही लिहिले पाहिजे. समितीला पत्र पाठवावे, असे वाटले. शाहिरांच्या मुलाला एकट्याला गाठून सांगावे, असे वाटले. ते गाणे शाहिरांच्या 'प्रभावातून' आले होते, असे एक वाक्यही मी घडवले. घडवल्यावर ते इतके गुळगुळीत दिसले की त्याचीच किळस आली. प्रत्येक पळवाटेत काकी गोळ्या घेतच राहणार होत्या.

सभागृह भरले होते. पहिल्या रांगेत काकी, शेजारी मुलगा, पलीकडे अध्यक्ष. तो म्हातारा कामगार आता हयात नव्हता. निवेदकाने माझे बरेच कौतुक केले आणि सुरुवात त्या प्रसिद्ध गाण्याने करावी अशी विनंती केली. पेटीवाल्याने सूर दिला. मी त्याच्या हातावर हात ठेवून पेटी बंद करायला लावली आणि माईकजवळ गेलो.

"हे गाणं शाहिरांचं नाही," मी म्हणालो. "मी ते सरावासाठी बांधलं आणि त्यात त्यांचं नाव घातलं. जुनी कॅसेट सापडली असं मी सांगितलं, ते खोटं होतं."

मागून कुणीतरी ओरडले, "काय बोलताय मास्तर!" अध्यक्ष अर्धे उठले आणि पुन्हा बसले. शाहिरांचा मुलगा माझ्याकडे पाहत नव्हता; तो मान वळवून आईकडे पाहत होता. काकी ताठ बसल्या होत्या.

"विहारात काकींनी हे त्याच दिवशी ओळखलं होतं. सगळ्यांत फक्त त्यांनी. तेव्हा मी वयाचं कारण सांगून त्यांना गप्प केलं. त्यांनी सांगितलेली गाणी माझ्यामुळे पुस्तिकेतून गेली. ती सगळी शाहिरांचीच आहेत. ती पुन्हा त्यांना विचारा आणि त्या सांगतील तशीच छापा. त्यांच्या डोक्यात काहीही बिघाड नाही. तो कधीच नव्हता. काकी, मी तुमच्याबद्दल खोटं बोललो, आणि ते खोटं असल्याचं मला बोलतानाच माहीत होतं. मला माफ करा."